कारणाचा रकाना

चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीला खिडकी नाही.
मनामातल्या ऑगस्टात ही चैनच म्हणायची.
मी पुढच्या रांगेत, ओठांशी माइक,
मागे अंधारात तीन खुर्च्या.
नावं मला माहीत नाहीत.
एकाला जुना खोकला आहे, एकाच्या अंगाला ऊदाचा वास,
तिसरा बहुधा नुसता येतो
पेन टकटकवायला.

रुजू होताना सही घेतली होती माझी:
पाहिलेलं बोलणार नाही,
ऐकलेलं सांगणार नाही,
आणि कुणी विचारलंच तर
अशी खोली इमारतीत आहे हेसुद्धा ठाऊक नाही.
बायकोला वाटतं मी कुठल्याशा कचेरीत
जन्मदाखल्यांची भाषांतरं करतो.
अगदीच खोटं नाही ते.
सिनेमांनाही वय लागतं इथे.

त्या आठवड्यातला पहिला सिनेमा मोठ्या घरचा.
डब्यासोबत खजुराची पेटी आली होती, ती कोणी नेली
ते मी पाहिलं नाही. (सही केलीय.)
मी मुडदे मोजत बसलो, सवय आहे:
सत्तेचाळीस. पुलावरचे न धरता.
त्याला बारा मिळाले. बारा वर्षं, पालकांसोबत.
मला दोन तास काम नव्हतं.
बंदुकीला दुभाषा लागत नाही.

दुसरा मराठी. हर्णै बंदरातला,
म्हणजे आमच्या बाणकोटपासून दोन खाड्या खाली.
पोरगा रात्रभर होडीवर,
सकाळी परततो तर दारात आई:
"मेल्या, व्हतास कुठं? गीळ आधी चार घास."

मी माइकात सांगितलं, अरबीत, शब्दाला शब्द:
अरे मृता, कुठे होतास. आधी गिळून टाक.

मागे पेन थांबलं.
"आई मुलाला असं म्हणते?"

म्हणते, साहेब.
माझी तर दिवसातून चारदा मला मारायची,
बंदरापर्यंत ऐकू जाईल अशी,
आणि मेलेल्याच्या ताटात तुकडी मोठी पडायची.
हे एवढं सांगायचं होतं.
पण दुभाष्याने मत द्यायचं नसतं, नियम सातवा.
मी म्हणालो,
"वाक्यात तसंच आहे."

कागदावर आलं: अठरा.
त्याखाली कारणाचा रकाना.
रकान्यात एक आडवी रेघ,
पट्टी लावून मारलेली.

दिग्दर्शक कुणी वेंगुर्लेकर. त्याची तीन पत्रं आली.
कुठला प्रसंग, तेवढं तरी कळवा,
मी कापतो, मी आवाज पुसतो,
नुसतं बोट ठेवा.
पत्रं अरबीत केली मी.
उत्तरही मीच मराठीत केलं:
निर्णय अंतिम आहे. समितीची नावं देता येत नाहीत.
'आपला नम्र' लिहून
खाली जागा कोरी सोडली, मूळ कागदावर होती तशी.

शुक्रवारी एकच खेळ होता त्याचा.
तहूराला खिडकीवर नेलं मी, का ते विचारू नका.
रोवेना नावाची मुलगी, ओशाळून हसली,
"सॉरी सर, एटीन."
तहूरा चौदाची.
"अब्बा, हर्णैचा तर आहे. काय आहे असं त्यात?"
मी पॉपकॉर्नचे भाव वाचत राहिलो,
लहान, मध्यम, मोठा, परत लहान.

शेजारच्या पडद्यावर बारावाला लागला होता.
त्यालाच गेलो.
परत मोजले. या वेळी पुलावरचे धरून.
साठाच्या पुढे तहूराला झोप लागली.

गुदैबियातला आमचा जिना अरुंद,
दिवा महिनाभर गेलेला.
वर पोचायच्या आधीच दार उघडलं,
सार परत तापवल्याचा वास, आणि तिचा आवाज
तिन्ही मजल्यांवर:
"मेल्यांनू, वाजले किती? गिळायला येताव की नाही?"

तहूरा चपला भिरकावून आत पळाली.
मी मात्र पायरीवर थबकलो,
खाली अंधारात वाकून पाहिलं,
कुणी खोकतंय का.